भाव पडला म्हणून बस जळत नाही

निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शिक्षकांनी विचारलं आहे: “आमच्याकडे दर दोन-तीन वर्षांनी काही ना काही पेटतं. कधी कांद्याचा भाव, कधी धरणाचं पाणी, कधी आरक्षण, कधी नुसती अफवा. एक मोर्चा शांतपणे निघून जातो, दुसऱ्यात बस जळते. हिंसा संकटामुळे होते की लोकांच्या मनात आधीच बसलेल्या मतांमुळे? आणि तालुक्याच्या पातळीवर ती आधी ओळखता येते का?”

ओळखता येते, पण त्यासाठी बघायची जागा बदलावी लागते. संकट माणसाला रस्त्यावर आणतं. रस्त्यावर आल्यावर तो घोषणा देईल, बसून राहील की दगड उचलेल, हे त्याच्या डोक्यातल्या समजुतींवर ठरतं: हे आपल्यावर कोणी आणलं, सरकारदरबारी आपलं कोणी ऐकून घेतं का, आणि हात उचलला तर आपली गल्ली काय म्हणेल. पहिल्या दोन गोष्टींवर भरपूर लिहिलं जातं. तिसरीकडे फारसं कोणी बघत नाही, आणि माझ्या मते निर्णायक तीच आहे. दगड मारणारे कुठल्याही गावात मूठभरच असतात. ओट्यावर उभे राहून बघणारे शेकड्यांनी असतात. ते मान हलवतात की पुढे होऊन हात धरतात, यावर पुढचा अर्धा तास अवलंबून असतो.

कांद्यापासून सुरू करू, कारण तो तुमच्या दारातला विषय आहे. उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने राहतो. भाव पडला तर शेतकरी कुरकुरतो, पण थांबू शकतो. नोव्हेंबरपासून येणारा लाल कांदा महिनाभरही धड टिकत नाही. तो काढला की विकायचाच. म्हणून ऑगस्टमधला निर्णय आणि डिसेंबरमधला निर्णय यांचा परिणाम सारखा होत नाही. 19 ऑगस्ट 2023 ला 40 टक्के निर्यातशुल्क लागलं तेव्हा लिलाव बंद पडले, बैठका झाल्या, ओढाताण चालली. 8 डिसेंबर 2023 ला थेट निर्यातबंदी आली ती लाल कांद्याने भरलेल्या ट्रॉल्या बाजार समितीच्या रांगेत उभ्या असताना, आणि राग त्याच दिवशी महामार्गावर आला. संकट किती मोठं यापेक्षा माणसाला थांबायला किती जागा उरली, हे आधी बघा. ज्याला थांबता येतं तो वाटाघाट करतो.

तरीही तो राग जाळपोळीत गेला नाही. दोष दूरच्या धोरणावर होता आणि त्याला उत्तर द्यायची एक जागा लोकांना दिसत होती. 2024 च्या लोकसभेला दिंडोरी आणि नाशिक या दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. त्यात कांदा हे एकमेव कारण नव्हतं, पण कांदा पट्ट्यात ते कारण कोणाला विचारावं लागलं नाही. त्याआधी, 2018 च्या अखेरीस निफाड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने साडेसातशे किलो कांद्याचे हातात आलेले 1064 रुपये पंतप्रधानांना मनिऑर्डरने पाठवले होते. त्या मनिऑर्डरमध्ये संताप पुरेपूर आहे. पण पलीकडे कोणीतरी पावती वाचेल, हा विश्वासही आहे. तो विश्वास शिल्लक असेपर्यंत माणूस टपाल कार्यालयात जातो.

हाच दोष जवळ आला की धोका वाढतो. “दिल्लीने मारलं” असं म्हणणारा जमाव आणि “या आडत्याने मारलं” असं म्हणणारा जमाव यांच्यात फार अंतर आहे. दुसऱ्या जमावाचा आरोपी समोरच उभा असतो. हमाल, मापारी, टोलनाक्यावरचा पोरगा, एसटीचा चालक, दुधाच्या टँकरचा क्लीनर यांच्या हातात धोरण नसतं, पण हाताशी तेच सापडतात. आंदोलनाच्या आदल्या दिवशीच्या बोलण्यात नाव कोणाचं येतं, मंत्र्याचं की आडत्याचं, ते टिपून ठेवा. बंदोबस्त कुठे लागेल हे त्यावरून कळतं.

आता दोन शेतकरी आंदोलनं शेजारी ठेवून बघा.

1 जून 2017 चा शेतकरी संप पुणतांब्यातून सुरू झाला. 3 जूनच्या पहाटे मुख्यमंत्र्यांशी बोलणी करून काही नेत्यांनी संप मागे घेतल्याचं जाहीर केलं. नाशिकच्या शेतकऱ्यांनी ते मानलं नाही आणि इथून वेगळी समन्वय समिती उभी राहिली. मधल्या काळात रस्त्यावर जे तरुण होते त्यांना “थांबा” म्हणणारा एकही माणूस असा नव्हता, ज्याचं सगळे ऐकतील. टँकर अडवून दूध ओतणं, भाजीच्या गाड्या रिकाम्या करणं हे त्या पोकळीत वाढलं. पुढे 34,022 कोटींची कर्जमाफी जाहीर झाली. मागणी खरी होती, पण आंदोलनाची दोरी तुटली होती.

6 मार्च 2018 ला नाशिकच्या सीबीएस चौकातून किसान सभेचा मोर्चा निघाला आणि सुमारे 180 किलोमीटर चालून 12 मार्चला आझाद मैदानावर पोहोचला. यातले बरेचसे आदिवासी शेतकरी होते, 2006 च्या वनहक्क कायद्याचे दावे वर्षानुवर्षं अडकलेले. त्यांचं दुःख कांदावाल्यांपेक्षा कमी नव्हतं. तरी काच फुटली नाही. गावागावाचे गट वेगळे, प्रत्येक गटाचा जबाबदार माणूस ठरलेला, शिधा बरोबर, नेते गाडीत न बसता पायी, मागण्या कागदावर आणि उत्तरही लेखीच हवं ही अट. शेवटच्या रात्री दहावीच्या परीक्षेला जाणाऱ्या मुलांची अडचण नको म्हणून थकलेली माणसं झोपायचं सोडून अंधारात पुढे चालली. सकाळी मुंबईकर पाणी, बिस्किटं आणि चपला घेऊन उभे होते. बघणाऱ्यांनी शिस्तीला दाद दिली आणि सरकारला लेखी उत्तर द्यावं लागलं. शिस्तीने चाललं की मिळतं, ही समजूत त्या दिवशी हजारो घरांत गेली. 2023 च्या मार्चमध्ये दिंडोरीहून पुन्हा तसाच मोर्चा निघाला, तो वाशिंदला पोहोचेपर्यंत बोलणी पार पडली. लोकांची वृत्ती अशीच घडते, कशाला प्रतिसाद मिळाला हे पाहून.

उलटं शिक्षणही असंच मिळतं. अर्ज दिला, काही झालं नाही. निवेदन दिलं, फोटो छापून आला, काही झालं नाही. टायर पेटवला आणि तासाभरात अधिकारी हजर. हे दोनदा घडलं की तिसऱ्या वेळी अर्ज कोणी लिहीत नाही. जीवितहानी नसेल आणि नुकसान ठरावीक रकमेच्या आत असेल तर राजकीय आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय आपल्याकडे निघत आले आहेत. त्यामागची भूमिका समजण्यासारखी आहे. पण गावात त्याचा अर्थ “पुढे सगळं मिटतं” असा लागतो, आणि पोरांना कोणी सांगत नाही की मिटेपर्यंत वर्षं जातात, तोवर पोलीस भरतीची चारित्र्य पडताळणी आणि पासपोर्ट अडकून बसतो.

संकट नसतानाही केवळ मतांच्या जोरावर हिंसा होते, याचं उदाहरणही नाशिकचंच आहे. फेब्रुवारी 2008 मध्ये राज ठाकरे यांच्या अटकेच्या सुमारास उत्तर भारतीयांवर हल्ले झाले. तेव्हा सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मंदी नव्हती. उलट हजारो कामगार गावी निघून गेल्यावर मनुष्यबळासाठी उद्योजकांचीच धावपळ झाली. त्या दगडफेकीत एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीच्या एका कर्मचाऱ्याचा जीव गेला, आणि तो मराठी होता.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे एकाच्या गुन्ह्याचा दोष अख्ख्या समाजावर जाणं. ऑक्टोबर 2016 मध्ये त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या तळेगावात एका लहान मुलीवर अत्याचाराच्या प्रयत्नाचा आरोप एका अल्पवयीन मुलावर झाला. बातमी फोनवरून पसरली, वाढत गेली, 9 ऑक्टोबरला महामार्गावर बसगाड्या पेटल्या आणि आसपासच्या गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले. मोबाइल इंटरनेट बंद करावं लागलं. त्याच्या फक्त दोन आठवडे आधी, 24 सप्टेंबरला, नाशिक शहरात लाखोंचा मराठा मूक मोर्चा घोषणेशिवाय पार पडला होता. कोपर्डीच्या अत्याचाराचा संताप दोन्हींमागे होता. जिल्हा तोच, महिनाही जवळपास तोच. मूक मोर्चाला ठरलेला मार्ग होता, मुली पुढे होत्या, स्वयंसेवक होते, निवेदन होतं, घरी जायची वेळ ठरलेली होती. 9 ऑक्टोबरच्या जमावाला यातलं काहीच नव्हतं. त्याच्याकडे फक्त फोनवरची चित्रं होती.

अशा वेळी भाषेत एक बदल होतो, तो कानाला कळतो. आधी वाक्य असतं “त्या पोराने केलं”. काही तासांनी ते “त्यांनी केलं” होतं. संध्याकाळपर्यंत “हे लोक असेच” होतं. क्रियापदाचा कर्ता एकवचनातून अनेकवचनात गेला आणि काळ भूतकाळातून रीतिवर्तमानात गेला की समजावं, आता वाद गुन्ह्याचा राहिला नाही. हे व्हॉट्सॲपच्या गटांत दिसतं, केशकर्तनालयात ऐकू येतं, पारावर ऐकू येतं. तालुक्याच्या पातळीवर यापेक्षा स्वस्त आणि भरवशाचं निरीक्षण मला ठाऊक नाही. “त्यांनी” सुरू झाल्यापासून हाताशी फार तर एखादी रात्र असते. त्या रात्रीत त्याच समाजातल्या मान असलेल्या माणसाने “गुन्हा एकाचा, शिक्षा त्याला, वस्तीला हात लावाल तर आधी मला लावा” असं तोंडी, उभं राहून म्हणावं लागतं. दुसऱ्या समाजातून आलेलं आवाहन त्या घटकेला चालत नाही, आणि लेखी पत्रक तर अजिबात नाही.

बघणाऱ्यांची वृत्ती बदलता येते का, याला मालेगाव हे उत्तर आहे. 26 ऑक्टोबर 2001 ला शुक्रवारच्या नमाजनंतर अमेरिकी मालावर बहिष्काराची पत्रकं वाटण्यावरून पोलिसांशी वाद झाला आणि दंगल उसळली. पोलीस गोळीबारातही माणसं गेली. 8 सप्टेंबर 2006 ला, शब-ए-बारातच्या दिवशी, त्याच गावात बॉम्बस्फोटांत तीसहून अधिक माणसं मेली. पत्रकांपेक्षा कितीतरी भयानक गोष्ट. पण हिंदू-मुस्लिम दंगल झाली नाही. जखमींसाठी रक्त द्यायला दोन्हीकडचे लोक आले. लूम चालवणारा आणि सूत-कापडाचा व्यापारी वेगवेगळ्या समाजाचे असले तरी एकाचा धंदा दुसऱ्यावाचून चालत नाही, हे गाव 2001 ची किंमत मोजून शिकलं होतं. हे शिक्षण कायमचं नसतं. नोव्हेंबर 2021 मध्ये त्रिपुराच्या बातम्यांवरून तिथे पुन्हा दगडफेक झाली.

भिवंडीचं उदाहरण जुनं आहे, पण त्यातला तपशील हल्ली विसरला जातो. 1984 ला भयंकर जळलेलं हे गाव 1992-93 ला, शेजारी मुंबई पेटलेली असताना, शांत राहिलं. मधल्या काळात तिथे मोहल्ला समित्या झाल्या होत्या. त्यांचं बळ भाषणांत नव्हतं. ठरलेल्या पोलिसाने ठरलेल्या मोहल्ल्यात नियमित बसायचं आणि नळाचं भांडण, नवरा-बायकोचा वाद, गल्लीतली मारामारी असल्या बारीक गोष्टी मिटवायच्या, असं ते काम होतं. दंगलीचं नावही न काढता ओळखी तयार झाल्या. बिकट रात्री फोन करायला नंबर होता आणि पलीकडचा आवाज ओळखीचा होता.

आपल्या शांतता समित्या इथेच फसतात. गणपती आणि ईदच्या दोन दिवस आधी पोलीस ठाण्यात बैठक, चहा, फोटो. सभासद सगळे पन्नाशीचे, प्रत्येक पक्षाचा एकेक. सोळा ते पंचवीस वयाची पोरं नाहीत, बायका नाहीत, भटक्या समाजाचं कोणी नाही. ज्यांच्या हातात दगड असतो ते नाहीत आणि ज्यांच्या अंगावर तो पडतो तेही नाहीत. महिन्यातून एकदा, सण नसताना, बारा-पंधरा माणसं बसली तरी पुरे. त्यात पोलीस पाटील, एक आशाताई, आठवडे बाजारातला एक विक्रेता, दोन तरुण मंडळांचे अध्यक्ष आणि प्रत्येक वस्तीतली एक स्त्री हवी. आशाताई प्रत्येक घरात जातात. गावात बाहेरचं कोण आलं, कोणाच्या घरात भांडण आहे, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळतं. फक्त त्यांना खबरे बनवू नका. एकदा तशी शंका आली की त्यांचं मूळ काम बसतं.

अफवेचं वेगळं सांगावं लागेल. 1 जुलै 2018 ला साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडे बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारी टोळी समजून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. ती माणसं भिक्षा मागायला मंगळवेढ्याकडून आली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये धुळ्याच्या न्यायालयाने सात जणांना जन्मठेप दिली. राईनपाड्याच्या घटनेच्याच रात्री मालेगावात दोन वर्षांच्या मुलासह आलेल्या एका कुटुंबाला जमावाने घेरलं. तिथे स्थानिक माणसाने त्यांना घरात घेतलं, पोलीस पोहोचले आणि सगळे वाचले. अफवा एकच, दिवसही एकच. फरक एका दाराचा, आणि ते उघडणाऱ्या माणसाचा.

म्हणून अफवा आली की क्रम असा ठेवा. आधी फोनवर विचारा: कुठल्या गावात, कोणाचं मूल, आत्ता कोणत्या पोलीस ठाण्यात तक्रार? तिन्हींची उत्तरं नसतील तर ती बातमी नाही. मग त्या गावच्या पोलीस पाटलाला फोन. खुलासा करताना मूळ चित्र किंवा व्हिडिओ परत टाकू नका. खाली “खोटं आहे” लिहिलं तरी लोक चित्र लक्षात ठेवतात आणि ओळ विसरतात. त्याऐवजी ओळखीच्या आवाजातली तीस-चाळीस सेकंदांची ध्वनिफीत, गावच्या बोलीत, तारीख आणि वेळ बोलून दाखवलेली. पेठ-सुरगाण्याकडे ती तिथल्या कोकणा आदिवासींच्या कोकणीत हवी, बागलाणात अहिराणीत. देवळाचा आणि मशिदीचा भोंगा अशा वेळी फोनपेक्षा जास्त माणसांपर्यंत जातो. अनोळखी माणूस घेरला गेला असेल तर त्याला मोकळ्या चौकात ठेवू नका आणि कुलूपबंद सार्वजनिक खोलीतही एकटं ठेवू नका. राईनपाड्यात ग्रामपंचायतीच्या खोलीतच त्यांना मारलं गेलं. ज्याच्या घरात जमाव शिरायला कचरेल अशाच्या घरात, बायकामुलांमध्ये बसवा आणि 112 लावा. आता भारतीय न्याय संहितेत जात, समाज, भाषा, जन्मस्थान अशा कारणावरून पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या हत्येला कलम 103(2) आहे, फाशी किंवा जन्मठेप. हे जमावातल्या पुढच्या माणसाला त्याचं नाव घेऊन सांगा. नाव घेतलं की तो जमाव राहत नाही, अमुकचा मुलगा होतो.

पाण्याचं थोडक्यात. गोदावरीच्या वरच्या-खालच्या धरणांतल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाच्या 2014 च्या नियमानुसार 15 ऑक्टोबरला खालच्या जायकवाडी धरणाचा साठा 65 टक्क्यांच्या आत असेल तर गंगापूर, दारणा आणि नगरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न येतो. 2015 ला 12.84 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडायचा आदेश झाला तेव्हा नाशिक पेटायच्या बेतात होतं. या संघर्षाची तारीख आधीच ठाऊक असते, हे त्याचं मोठं सोपेपण. सप्टेंबरमध्येच दोन्हीकडचे आकडे गावात फळ्यावर लिहिले तर “आमचं पाणी चोरलं” हे वाक्य निम्मं ढिलं होतं.

लोकांचं मत मोजायचं असेल तर “हिंसा योग्य आहे का?” असं विचारू नका. सगळे “नाही” म्हणतात. “तुमच्या गावात कोणी बस फोडली तर शेजारी काय म्हणतील?” असं विचारा. स्वतःचं मत माणूस लपवतो, शेजाऱ्याचं मोकळेपणाने सांगतो. “आंदोलन” हा शब्द टाळून नेमकी कृती विचारा: रस्ता अडवणं, लिलाव बंद पाडणं, टायर पेटवणं, माणसाला मारणं. यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीत किती माणसं गळतात, ते बघण्यासारखं असतं. दुसरी पद्धत यादीची. निम्म्या लोकांना चार साधी विधानं वाचून दाखवायची आणि पटणारी फक्त किती ते विचारायचं, कोणती ते नाही. उरलेल्यांना तीच चार आणि एक नाजूक विधान. पहिल्या गटाची सरासरी 1.8 आणि दुसऱ्याची 2.1 आली तर नाजूक विधान सुमारे 30 टक्क्यांना पटतं. पण गटांत 200-200 माणसं असतील तर खरा आकडा साधारण 10 ते 50 टक्क्यांच्या मध्ये कुठेही असू शकतो, म्हणून एका गावात हे करून निष्कर्ष काढू नका. आणखी एक चूक नेहमी होते. विचारणाऱ्याचं आडनाव कळलं की उत्तर बदलतं, आणि पारावर विचारलं तर एकच माणूस सगळ्यांच्या वतीने बोलतो.

मोर्चा तुमच्याच गावातून निघणार असेल तर सगळ्यात जास्त काळजी शेवटच्या तासाची. भाषणं संपतात, नेते गाडीत बसून जातात, तापलेली पोरं मागे राहतात. दगडफेक बहुतेक वेळा तेव्हा होते. निवेदन स्वीकारायला अधिकारी कधी येणार हे आधी लेखी ठरवा, कारण उन्हात दोन तास वाट बघायला लागली की गर्दीचा सूर बदलतो. निवेदन देऊन झाल्यावर नेत्याने सगळ्यात शेवटी निघायचं. रुग्णवाहिका आणि परीक्षेच्या मुलांना वाट देणारी दोन माणसं प्रत्येक टोकाला, त्यांच्या अंगावर ओळखू येईल असं काही. पोलिसांनीही परत जायची वाट मोकळी ठेवायला हवी. चारी बाजूंनी कोंडलेला जमाव पळता येत नाही म्हणून उलटतो.

तुम्ही शिक्षक आहात, म्हणून एक काम शाळेतलं. नववी-दहावीच्या मराठीच्या तासाला जिल्ह्यातल्या एखाद्या भांडणाची बातमी घ्या आणि मुलांना प्रत्येक वाक्याचा कर्ता अधोरेखित करायला लावा. मग जिथे “जमाव”, “ते लोक”, “अमुक समाज” असा कर्ता आहे, तिथे बातमीतल्या माहितीवरून नेमकं कोण आणि किती जण, ते लिहायला सांगा. बऱ्याच वाक्यांत ती जागा रिकामी राहते. ती रिकामीच ठेवून वही घरी न्यायला सांगा, पालकांच्या सहीसाठी.